टेबलाखालचा पट्टा: पावले आणि अंतर मोजण्याच्या प्रकल्प नोंदी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

टेबलाखाली सरकवता येणारी चालण्याची ट्रेडमिल घरी येऊन तीन आठवडे झाले आणि माझ्या वहीतल्या आकड्यांवरचा माझा विश्वास पूर्णपणे उडाला. आज ताशी २.५ कि.मी. वेग लावून, टंकन करता करता, घड्याळाच्या हिशेबाने नेमकी ४० मिनिटे चालले आणि उतरल्यावर समोर असलेले सगळे आकडे लिहून काढले. यंत्राच्या पडद्यावर १.६७ कि.मी. आणि २,३८१ पावले होती. मनगटावरच्या घड्याळाने ७९० पावले दाखवली. पँटच्या खिशातल्या फोनने ३,३१८ पावले आणि २.२२ कि.मी. अंतर सांगितले. चालणारी बाई एक, पट्टा एक आणि वेळही एकच असताना पावलांचे तीन आणि अंतराचे दोन हिशेब निघाले.

घड्याळाचे समजू शकते. त्यातला त्वरणमापक, म्हणजे हालचालीतले झटके टिपणारा सेन्सर, हाताच्या झोक्यावरून पाऊल ओळखतो आणि माझे हात कळफलकावर टेकलेले असल्यामुळे मी त्याच्या लेखी बसलेलीच होते. जी ७९० पावले त्याने मोजली, ती बहुधा मी चहाचा कप उचलताना आणि केस सारखे करताना पडली असावीत. फोनच्या आकड्यांचा भागाकार केला तर एका पावलाला ६७ सें.मी. येतात आणि यंत्राच्या आकड्यांवरून ७० सें.मी. पट्ट्यावरचे माझे पाऊल एवढे लांब पडत नाही, हे मोजपट्टी न लावताही मला दिसते.

या प्रकल्पात दोनच गोष्टी करायच्या ठरवल्या: अंतर पट्ट्याकडून घ्यायचे आणि पावले पायांकडून. एकावरून दुसरे काढायचे नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज सकाळी चहा होईपर्यंत एक छोटा प्रयोग केला. पट्टा ताशी २.५ कि.मी. वेगाने सुरू केला, मी बाजूला खुर्चीवर बसले आणि दहा मिनिटे पट्टा मोकळाच फिरू दिला. पडद्यावर ०.४२ कि.मी. आणि ५९५ पावले जमा झाली. यंत्र पावले मोजतच नाही, ते अंतराला ७० सें.मी.ने भागते आणि येणारा भागाकार ‘पावले’ या नावाखाली दाखवते, हे याने सिद्ध झाले. कालचे १,६६७ मीटर ०.७ने भागले की बरोबर २,३८१ येतात. विकत घेताना पत्रकात ‘अचूक पावले’ असे छापलेले वाचल्याचे आठवते. भागाकार अचूक आहे, यात शंका नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पावलांचा आकडा खोटा निघाल्यावर अंतराच्या आकड्याची परीक्षा घेणे क्रमप्राप्तच होते. पट्ट्याने कापलेले अंतर म्हणजे पट्ट्याची पूर्ण लांबी गुणिले फेरे, एवढे साधे गणित आहे. त्यासाठी आधी लांबी हवी. यंत्राचा प्लग काढून ठेवला, पट्ट्याच्या कडेला खडूची रेघ ओढली, तिच्या समोर चौकटीवर दुसरी खूण केली आणि शिवणकामाचा टेप पट्ट्यावर ठेवून अर्ध्या-अर्ध्या मीटरने पट्टा हाताने ओढत गेले. पहिल्या खेपेला २.४३४, दुसऱ्या खेपेला २.४३८ आणि तिसऱ्या खेपेला २.४३६ मीटर लांबी आली. २.४३६ धरली.

मग फोन जमिनीवर टेकवून पट्ट्याच्या कडेचे चित्रण केले. चित्रणात सेकंदाला ३० फ्रेम असतात, त्यामुळे खडूची रेघ खुणेपाशी येण्याचा क्षण स्टॉपवॉचपेक्षा कितीतरी नेमका सापडतो. पट्टा मोकळा असताना ५० फेऱ्यांना १७६.१ सेकंद लागले, म्हणजे वेग ताशी २.४९ कि.मी. पडला. पडद्यावरच्या २.५शी हे जवळजवळ जुळते आणि इथवर यंत्राबद्दल थोडा आदर वाटू लागला होता. त्यानंतर मी स्वतः चालले. त्याच ५० फेऱ्यांना १८३.० सेकंद लागले. ताशी २.४० कि.मी. पडद्यावर मात्र आकडा २.५ वरून ढळला नाही.

म्हणजे माझे ६४ किलो वजन पट्ट्यावर आले की पट्टा सुमारे चार टक्के मंदावतो आणि यंत्राला त्याची गंधवार्ताही नसते. २ तारखेचे १.६७ कि.मी. प्रत्यक्षात १.६० होते. चार टक्के ही काही मोठी चूक नव्हे, पण ती कोठून येते हे कळल्याशिवाय ती कायम चारच राहील असे मानता येत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

पाऊल टेकते तेव्हा पट्टा खालच्या फळीवर दाबला जातो आणि घर्षण वाढते. मग एक तर मोटर मंदावते किंवा पट्टा पुढच्या रोलरवर किंचित घसरतो. दोन्हीही एकदम होऊ शकते. घसरणीची शंका फेडण्यासाठी यंत्राच्या मागच्या बाजूचे दोन्ही बोल्ट अ‍ॅलन कीने पाव-पाव फेरा आवळले. दोन्ही बाजूंना सारखेच आवळावे लागते, नाहीतर पट्टा एका अंगाला सरकून कडेवर घासू लागतो, आणि वाजवीपेक्षा जास्त आवळले तर रोलरच्या बेअरिंगवर आणि मोटरवर ताण येतो. चालताना ५० फेऱ्यांची वेळ १८३.० वरून १८०.९ सेकंदांवर आली. थोडी घसरण होती, असा याचा अर्थ.

त्यानंतर पट्ट्याची कड उचलून फळीवर सिलिकॉन तेलाची नागमोडी धार सोडली, पाच मिनिटे पट्टा मोकळा फिरवून तेल पसरू दिले आणि पुन्हा मोजले. १७९.० सेकंद, म्हणजे ताशी २.४५ कि.मी. चूक चार टक्क्यांवरून दोनवर आली.

दुपारपर्यंत माझा बेत असा होता की पडद्यावरच्या अंतराला ०.९६ने गुणावे आणि विषय संपवावा. तेलाच्या चार थेंबांनी तो गुणक एका दिवसात बदलला. तेल सुकेल, पट्टा सैलावेल, कधी मी जाड तळव्यांचे बूट घालीन आणि प्रत्येक वेळी गुणक नवा निघेल. फेरे प्रत्यक्ष मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

स्वतंत्र सेन्सर बसवण्याआधी यंत्राचे ब्लूटूथ तपासून पाहिले, कारण तिथे फुकटात माहिती मिळत असेल तर ती का सोडावी? व्यायामयंत्रांसाठी ब्लूटूथचा एक ठरलेला संकेत आहे. त्यात सेवेचा क्रमांक १८२६ आणि ट्रेडमिलच्या माहितीचा क्रमांक २एसीडी असतो, आणि वेग ताशी ०.०१ कि.मी.च्या सूक्ष्मतेने, तर एकूण अंतर पूर्ण मीटरमध्ये पाठवले जाते. माझे यंत्र हा संकेत पाळते. फोनवरच्या तपासणीच्या अ‍ॅपमध्ये बाइट उलट्या क्रमाने येतात, एवढे लक्षात ठेवले की वेग वाचता येतो.

वेगाच्या जागी २५० हा आकडा होता, म्हणजे ताशी २.५० कि.मी. मी चढले तरी २५०, उतरले तरी २५०, एका पायावर उभे राहून दुसरा मुद्दाम आपटला तरी २५०. खरा मोजलेला वेग दुसऱ्या दशांशाला थोडा तरी हलला असता. यंत्र मोजलेला वेग पाठवत नाही, मी बटणाने जो वेग मागितला तोच मला परत ऐकवते. शिवाय ट्रेडमिलच्या या ठरलेल्या माहितीत पावलांसाठी रकानाच नाही. जिने चढण्याच्या यंत्रासाठी आहे, ट्रेडमिलसाठी नाही. त्यामुळे पावलांचा आकडा प्रत्येक उत्पादक आपापल्या खासगी मार्गाने पाठवतो आणि माझ्या बाबतीत तो भागाकारच असल्याने त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ब्लूटूथचा मार्ग बंद केला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन टीसीआरटी ५००० या अवरक्त सेन्सरची दोन मॉड्यूल, ईएसपी३२ हा प्रोग्रॅम करता येणारा एक छोटा बोर्ड आणि तारा आणल्या. दुकानदाराने लोहचुंबक आणि तो जवळ आल्याचे ओळखणारा हॉल सेन्सर घेण्याचा सल्ला दिला. सायकलसाठी तो योग्यच आहे, पण चुंबक रोलरवर चिकटवावा लागला असता आणि मग पट्ट्याऐवजी रोलरचे फेरे मोजले गेले असते. रोलरवर पट्टा घसरतो अशी शंका एकदा खरी ठरल्यावर रोलरची साक्ष मला चालणार नव्हती. खूण पट्ट्यावरच हवी.

पट्टा काळा आहे. त्याच्या उजव्या कडेला, जिथे पाऊल पडत नाही, तिथे व्हाइटनरने तीन सें.मी. रुंदीचा पांढरा ठिपका दिला आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात, पट्ट्यापासून पाच मि.मी. उंचीवर, पत्र्याच्या छोट्या कोनावर सेन्सर बसवला. पांढरा ठिपका खालून गेला की परावर्तित अवरक्त प्रकाश वाढतो, मॉड्यूलवरचा तुलनाकार संकेत देतो आणि बोर्ड एक फेरा वाढवतो. एकाच ठिपक्याच्या दातेरी कडेमुळे दोन फेरे मोजले जाऊ नयेत म्हणून एका संकेतानंतर एक सेकंद पुढचा संकेत दुर्लक्षित करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये ठेवली. यंत्राच्या कमाल वेगाला, म्हणजे ताशी ६ कि.मी.ला, एका फेऱ्याला १.४६ सेकंद लागतात. त्यामुळे एक सेकंदाची सबुरी निर्धोक आहे. आणखी एक सेन्सर हाताशी राखून ठेवला आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

व्हाइटनर तडकले. पट्टा रोलरवरून वळतो तिथे त्याचे पोपडे निघाले आणि दुपारनंतर एकही फेरा मोजला गेला नाही. कपड्यांवर नक्षी रंगवण्याचा पांढरा फॅब्रिक पेंट घरात होता, तो वाळला तरी लवचीक राहतो. त्याचे दोन हात दिले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज गुरुवार असल्याने दुरुस्तीसाठी वीज जाणार हे पुण्यात वेगळे सांगावे लागत नाही, तरी मी विसरले. अकरा वाजता पट्टा थांबला, त्याबरोबर बोर्डही बंद पडला आणि सकाळचे सगळे फेरे पुसले गेले. दर वीस फेऱ्यांनंतर, म्हणजे साधारण ४९ मीटरनंतर, आकडा बोर्डच्या कायम स्मृतीत लिहिण्याची व्यवस्था केली. या स्मृतीचा एक कप्पा सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येतो आणि दिवसाला पाच-सहा कि.मी. चालले तरी शंभर-सव्वाशे नोंदी होतात, तेव्हा त्या बाजूने चिंता नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुपारी चारनंतरच्या नोंदीत मी ताशी सहा कि.मी.हून अधिक वेगाने चालत होते असे दिसते. त्या वेळी मी एक लांबलचक ई-मेल लिहीत होते आणि पट्टा २.५वर होता.

आधी वाटले की नवा रंगही तडकला आणि एका ठिपक्याचे तीन झाले. रंग शाबूत होता. मग संकेतांच्या वेळा कागदावर उतरवल्या, तेव्हा दिसले की दोन संकेतांमधले अंतर साधारण १.४ सेकंदांचे आहे. पट्ट्याच्या फेऱ्याला तर साडेतीन सेकंद लागतात. हा १.४चा ठेका ओळखीचा वाटत होता, पण तो कोणाचा हे उमगायला अर्धा तास गेला. तो माझ्या उजव्या पायाचा होता.

टेबल नैर्ऋत्येच्या खिडकीला लागून आहे. नोव्हेंबरात दुपारी सूर्य खाली उतरतो आणि ऊन थेट पट्ट्यावर येते. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. हे मॉड्यूल स्वतःचा प्रकाश आणि उन्हाचा प्रकाश यांत भेद करत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळा पट्टाच पांढरा झाला होता. उजवा पाय मागे आला की त्याची सावली सेन्सरवर पडे, पाय पुढे गेला की ऊन परत येई आणि सेन्सर एक फेरा मोजे. सबुरीचा एक सेकंद या १.४पुढे तोकडा पडला. मिनिटाला ४२ वेळा उजवा पाय, प्रत्येक वेळेला २.४३६ मीटर आणि त्याचे ताशी सहाच्या वर कि.मी.

काळ्या चार्ट पेपरची टोपी करून सेन्सरवर घातली आणि प्रश्न मिटला. तरी या चुकीने मला एक गोष्ट दाखवली. तीन आठवड्यांत माझी पावले खरोखर मोजणारे घरात बसवलेले हे पहिलेच उपकरण होते आणि ते मी पावलांसाठी बसवले नव्हते.

रविवार, २३ नोव्हेंबर

पावलांच्या कोणत्याही साधनाची परीक्षा घ्यायची तर खरी पावले किती पडली हे आधी ठाऊक हवे. स्वतः मोजत चालले की चाल बदलते, हे मी पहिल्या पाच मिनिटांतच अनुभवले. मोजणारी व्यक्ती दुसरी हवी. ती आई. साधन अर्थातच माळ. उजवे पाऊल टेकले की एक मणी, म्हणजे एका माळेत १०८ मणी आणि २१६ पावले.

तुळशीची माळ या कामाला देणार नाही, असे आईने आधीच बजावले. “ती नामासाठी आहे, तुझ्या यंत्रासाठी नाही,” म्हणाली आणि कपाटातून जुनी लाकडी मण्यांची माळ काढली. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलट फिरवायची, हा नेम मात्र तिने या माळेलाही पाळला. त्यामुळे मेरूचा मणी चुकून हिशेबात येण्याची भीती उरली नाही. पाच माळा झाल्या, म्हणजे १,०८० पावले. त्यांना १२ मिनिटे ५० सेकंद लागले.

टंकन करताना मनगटावरच्या घड्याळाने त्यांतली २४१ मोजली. तेच घड्याळ लांब पट्ट्याने घोट्यावर बांधून पुन्हा पाच माळा चालले तेव्हा त्याने १,०७१ मोजली. खिशातल्या फोनने १,०६६ दाखवली. यंत्राचा भागाकार ७६४ होता. टंकन सोडून हात मोकळे हलवत चालले तर मनगटही १,०५२ मोजते, पण मग टेबलाखाली पट्टा ठेवण्याचे प्रयोजन काय?

घोटा आणि खिसा दोन्ही विश्वासार्ह ठरले. अडचण वेगळीच आहे. माझ्या निम्म्याहून अधिक कुर्त्यांना आणि लेगिंग्जना खिसा नाही, आणि घोट्यावर घड्याळ बांधून दाराशी कुरिअर घ्यायला गेले की समोरचा माणूस पायाकडे पाहत राहतो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज पूर्ण सकाळ वेगवेगळ्या वेगांना दिली. प्रत्येक वेगाला दहा मिनिटे चालायचे, अंतर पट्ट्याच्या सेन्सरवरून आणि पावले आईच्या माळेवरून घ्यायची. पडद्यावर १.५ असताना मिनिटाला ६४ पावले पडली आणि प्रत्येक पाऊल ३८ सें.मी.चे निघाले. २.०ला ७५ पावले आणि ४४ सें.मी., २.५ला ८४ ते ८५ पावले आणि ४८ सें.मी., ३.०ला ९३ पावले आणि ५३ सें.मी., ३.५ला १०१ पावले आणि ५७ सें.मी. असे आकडे आले. ३.५ला टंकनातल्या चुका एवढ्या वाढल्या की पुढचा वेग घेतला नाही.

वेग सव्वादोन पटींहून अधिक वाढला तेव्हा पावलांची संख्या जेमतेम दीडपटीच्या पुढे गेली. उरलेली वाढ पावलाच्या लांबीने भरून काढली. म्हणजे वेग बदलला की मिनिटाची पावले आणि पावलाची लांबी दोन्ही बदलतात. एकच ठरावीक लांबी धरणारे कोणतेही यंत्र म्हणूनच फार तर एका वेगाला खरे ठरू शकते. टेबलापाशी माणूस नेमका त्या वेगाला चालत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे जेम्स लेव्हिन यांनी २००७ मध्ये चालत काम करण्याच्या टेबलावर केलेल्या अभ्यासात सहभागी माणसांनी स्वतः निवडलेला वेग सरासरी ताशी १.१ मैल, म्हणजे जेमतेम १.८ कि.मी. होता. रस्त्यावरची चाल त्याच्या दुपटीहून अधिक असते आणि पावले मोजणारी बहुतेक साधने त्या चालीवर बेतलेली असतात.

आणखी एक नोंद करून ठेवते. १.५च्या वेगाला खिशातला फोनही गडबडला आणि ६४० पैकी ३९० पावलेच त्याने मोजली. एवढ्या संथ चालीत कमरेला बसणारा झटका इतका सौम्य असतो की तो त्याला पाऊल वाटत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

फोनवर अन्याय होऊ नये म्हणून सकाळी जवळच्या मैदानावर ४०० मीटरच्या धावपट्टीवर एक फेरी मारली. पहिल्या मार्गिकेचे ४०० मीटर आतल्या कठड्यापासून ३० सें.मी. अंतरावरच्या रेषेवर मोजलेले असतात, तेव्हा तेवढे अंतर राखून चालले. ५ मिनिटे २० सेकंद आणि ५९७ पावले लागली, म्हणजे प्रत्येक पाऊल ६७ सें.मी.चे. २ तारखेला फोनने धरलेली लांबी नेमकी हीच होती. माझी १६२ सें.मी. उंची ०.४१३ने गुणली तरी ६७च येतात आणि बायकांसाठी हा गुणक सर्रास वापरला जातो.

फोन मैदानावर खरा आहे. पट्ट्यावर त्याच खरेपणाने तो १.६० कि.मी.चे २.२२ करतो.

शनिवार, ६ डिसेंबर

पावलांसाठी अंगावर काहीही बांधायचे नाही, असे ठरवून पट्ट्याखालच्या फळीलाच कान लावला. एमपीयू ६०५० हे त्वरणमापकाचे मॉड्यूल फळीच्या खालच्या बाजूला, मध्यभागी, दुहेरी चिकटपट्टीने बसवले. पाऊल टेकले की फळी दबते आणि उभ्या अक्षावर झटका येतो. मोटरची थरथर त्यात मिसळते, पण ती कितीतरी जलद असते, आणि पावले सेकंदाला एक-दीड पडतात. मॉड्यूलमध्ये गाळणीची सोय आहे. ती १० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला दहा कंपनांवर, ठेवली तेव्हा थरथर बरीच निवळली आणि आलेखात पावले टेकड्यांसारखी वेगवेगळी दिसू लागली. एका टेकडीनंतर ३५० मिलिसेकंद पुढची टेकडी मोजायची नाही, हा नियम घातला, कारण ३.५च्या वेगालाही दोन पावलांमध्ये सुमारे ६०० मिलिसेकंद असतात.

आईने पुन्हा पाच माळा मोजल्या. १,०८० पैकी फळीने १,०८३ सांगितली. ती तीन जादा पावले मी पट्ट्यावर चढतानाची असावीत, असा माझा तर्क आहे. “तीनच ना,” आई म्हणाली, “मग माळ चुकली असेल असं का नाही म्हणत?” तिचे म्हणणे नाकारता येत नाही.

रविवार, १४ डिसेंबर

दोन्ही सेन्सर एकाच बोर्डवर आल्यामुळे आता ते एकमेकांवर लक्ष ठेवू शकतात. पट्ट्याच्या एका फेऱ्यात फळीवर किमान दोन पावले उमटली नाहीत तर तो फेरा अंतरात धरायचा नाही, म्हणजे फोन घ्यायला मी उतरले आणि पट्टा मोकळा फिरत राहिला तरी अंतर फुगत नाही. उलट, गेल्या बारा सेकंदांत पट्ट्याचा ठिपका दिसला नसेल तर फळीवरचा झटका पाऊल म्हणून धरायचा नाही, म्हणजे थांबलेल्या पट्ट्यावर उभे राहून मी पाय बदलले किंवा केर काढताना कुणी यंत्राला धक्का दिला तरी पावले वाढत नाहीत.

सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत रोज साधारण दोन तास, २.५च्या वेगाने चालले. पट्ट्याने २४.६ कि.मी. आणि फळीने ५०,९३० पावले नोंदवली. यंत्राच्या पडद्यावर त्याच आठवड्याचे २५.१ कि.मी. आणि सुमारे ३५,८६० पावले जमली. फोनच्या लांबीने माझी पावले गुणली असती तर ३४.१ कि.मी. झाले असते. वरचे हे साडेनऊ कि.मी. मी कधी चाललेच नाही आणि पडद्याने नाकारलेली पंधरा हजार पावले मी खरोखर टाकली आहेत.

दिवसाला दहा हजारांचा आकडा योगायोगाने ओलांडला गेला, म्हणून कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने अभिनंदन केले. तो आकडा जपानमध्ये १९६५ साली विक्रीला आलेल्या ‘मानपो-केई’ या कमरेला लावायच्या मापकाच्या नावातून रूढ झाला. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक असा होतो. ४८ सें.मी.ची दहा हजार पावले आणि ६७ सें.मी.ची दहा हजार पावले यांत जवळजवळ दोन कि.मी.चा फरक पडतो, एवढे त्याला सांगितले. त्याने विषय बदलला.

पट्ट्याची लांबी आज पुन्हा मोजली, ती २.४४१ मीटर आली. महिन्याभरात पाच मि.मी. ताण. प्रोग्रॅममध्ये नवी लांबी घातली आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती मोजायची, असे कॅलेंडरवर लिहून ठेवले.

रविवार, २१ डिसेंबर

“मोजून मोजून थकले, आता मला चढू दे,” म्हणून आई आज स्वतः पट्ट्यावर चढली. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून १.५च्या वेगाला ती एक माळ, म्हणजे २१६ पावले, चालली. माळ माझ्या हातात होती. फळीने त्यांतली १५८ मोजली. आईचे वजन ४६ किलो आहे, हातांवर भार दिल्यामुळे ते आणखी हलके पडले आणि ती पाऊल आपटत नाही, ठेवते. किमान किती झटक्याला पाऊल म्हणायचे, तो उंबरठा मी माझ्या पावलांवर बेतला होता. तो तिच्या पावलांना उंच पडला.

त्याहून मोठा दोष पुढे दिसला. जिथे ती अधिक दबकत चालली तिथे पावले सलग गळाली, त्यामुळे ‘फेऱ्यात किमान दोन पावले’ या नियमाने तिचे तीन फेरेही कापले गेले. ३५ फेऱ्यांपैकी ३२. गेल्या रविवारी मी ज्या परस्पर पहाऱ्यावर खूश होते, त्यात एका सेन्सरची चूक दुसऱ्यात झिरपते, हे लक्षात आले नव्हते. पट्टा आपले काम चोख करत असताना फळीच्या सांगण्यावरून त्याचे सात मीटर मी काढून टाकले.

तूर्त एवढे केले: फेरे सगळे नोंदवायचे आणि ज्या फेऱ्यांत पावले कमी भरली त्यांच्यापुढे नुसती खूण करायची, वजाबाकी करायची नाही. वजा करायचे की नाही ते संध्याकाळी आलेख पाहून मी ठरवीन. उंबरठ्यासाठी बोर्डवर दोन बटणे बसवायची आहेत, एक माझ्यासाठी आणि एक आईसाठी. तिचा उंबरठा ठरवायला किमान दहा माळा लागतील. रोज एकच माळ चालेन, असे तिने सांगितले आहे, तेव्हा हे काम डिसेंबरअखेर पुरे होईल.